कमलताईंच्या नळाचं पाणी

माझ्या खोल्यांची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता झोपेतून उठवलं तरी सांगेन. भिशीत सांगितली, शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली, नात्यातल्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्यासुद्धा सांगितली. "बाई, सुरुवात कशी केलीत?" एवढं कोणी विचारायचा अवकाश, मी खुर्ची पुढं ओढते. पण त्या गोष्टीत एक जागा अशी आहे – तिथं आले की मी गडबडीनं पुढं सरकते. "मग ते जुनं घर रिकामं झालं," एवढंच म्हणते आणि नव्या इमारतीच्या स्लॅबवर जाऊन पोचते. रिकामं झालं! घरं काय आपोआप रिकामी होतात? ती गाळलेली जागा आज तुमच्यासमोर ठेवते. आमच्या ह्यांना, म्हणजे नवऱ्यालाही, ती ठाऊक नाही.

पण थेट तिथं जाता येत नाही मला. थोडं फिरून जाऊ.

मी मूळची मुखेडची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नांदेडला आम्ही राहायला म्हणून एक छोटा फ्लॅट घेतला होता. मग माझी बदली लातूर जिल्ह्यात झाली, हे पण नोकरी सांभाळत मागून आले आणि फ्लॅटला कुलूप लावण्यापेक्षा भाड्यानं दिला. पहिलं भाडं जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात पाढे घेत होते. मी इथं घसा कोरडा करतेय आणि तिकडं चार भिंती उभ्या उभ्या माझ्यासाठी कमावतायत – ही गंमत मला इतकी आवडली की त्या दिवशी मी पोरांना अर्धा तास लवकर सोडलं. खरं सांगू? त्या दिवसापासून मला नुसतं बसवत नाही. रस्त्यानं जाताना मी माणसं बघत नाही, घरं बघते. कुठल्या घराला बाहेरून जिना काढता येईल, कुठल्या हॉलमध्ये मधे भिंत घातली की दोन खोल्या होतील, हेच डोक्यात.

आणि गाव कुठलं, तर लातूर! जून महिन्यात इथं बघा. जळकोट, कंधार, उदगीर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येतात, आणि पोरांमागं आया. गॅसची शेगडी, ज्वारीच्या पिठाचा डबा, गादीची वळकटी घेऊन आई दोन वर्षं लेकरासाठी परक्या गावात संसार मांडते. एक खोली, एक ओटा, मोरी – एवढं असलं तरी त्या हात जोडून घेतात. म्हणून मी दुसरी जागा क्लासच्या भागात घेतली. पहिल्या घराच्या भाड्यात दुसऱ्याचा हप्ता, दुसऱ्याच्या जोरावर तिसरं. हे म्हणायचे, "अगं, जरा दम खा." मी कसला दम खाते.

तिसरं घर एका एजंटानं दाखवलं. क्लासपासून चालत पाच मिनिटं, कोपऱ्यावरचं, मागं मोकळं अंगण. मालक दोघे भाऊ, दोघेही पुण्याला. किंमत ऐकून मला वाटलं, चुकून सांगतोय. तर एजंट हसला आणि म्हणाला की भाडेकरूसकट आहे म्हणून इतकं स्वस्त मिळतंय. म्हणजे काय, तर पुढच्या दोन खोल्यांत एक बाई सत्तावीस वर्षं राहत होती. ब्लाउज शिवायची. तिच्याकडं जुन्या मालकाच्या हातच्या भाडेपावत्या होत्या, सगळ्या, एका तारेत ओवलेल्या. वकिलाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, केस टाका की. निकाल तुमची नातवंडं ऐकतील."

तरी मी घर घेतलं. भाडेकरूसकट घर स्वस्तात घ्यायचं आणि भाडेकरू निघाला की त्याचं सोनं करायचं, हा धंदा पुष्कळजण करतात. निघतो कसा, हे कोणी सांगत नाही. मीही तुम्हाला इतकी वर्षं नाहीच सांगितलं.

त्या कमलताई. नवरा कधीच वारलेला, एकच मुलगी, ती जळकोटला दिलेली. दाराशी शिलाई मशीन, खुंटीवर ब्लाउजपीस, गल्लीतल्या चार बाया सदा बसलेल्या. मी नवी मालकीण म्हणून पहिल्यांदा गेले तर त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं, चहा केला. मी म्हटलं, आम्हाला इथं बांधायचंय, तुम्ही दुसरीकडं जागा बघता का? त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या की गिऱ्हाईक सगळं ह्याच गल्लीतलं, दुसरीकडं मला कोण ओळखणार? आणि लेकीच्या घरी जाऊन राहायचं तर मेल्यासारखंच की. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडं आई लेकीच्या दारात चार दिवसांची पाहुणी असते. कायमची गेली की जावयाच्या घरच्यांचे डोळे मोठे होतात, आणि ते तिला ताटावर बसल्यावरही दिसत राहतात.

चांगले पैसे देते म्हटलं, तरी त्या नाही म्हणाल्या. दोनदा गेले, तीनदा गेले. दर वेळी चहा. शेवटी मला त्यांच्या चहाचाच राग यायला लागला.

आता ऐका. लांबवत नाही. लांबवतेच आहे, पण आता नाही.

लातुरातलं पाणी तुम्हाला माहीत असेल. नळ रोज येत नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा, तास-दीड तास. त्या दिवशी गल्लीत कोणी लग्नाला जात नाही, दवाखान्यात जात नाही. पिंपं, बादल्या, घागरी, पातेली, जे असेल ते भरून घ्यायचं. त्या घराला एकच नळ होता, आणि नळाचा वॉल, म्हणजे पाणी कमी-जास्त करायची चावी, फाटकाच्या आत, एका शहाबादी फरशीखाली. मी घर घेतलं तेव्हा प्लंबरनं मला तो दाखवला होता. पकडीनं फिरवावा लागायचा.

एका रविवारी दुपारी कमलताई बाजारात गेलेल्या असताना मी गेले, फरशी उचलली आणि वॉल फिरवला. पूर्ण नाही. पूर्ण बंद केला असता तर त्यांनी प्लंबर बोलावला असता. मी तो एवढाच फिरवला की करंगळीएवढी धार यावी. दीड तासात दोन घागरी, फार तर तीन. ही अक्कल मला कोणी शिकवली नव्हती. एजंट बिचारा फक्त दम धरा म्हणाला होता. ती माझीच.

आणि मी कोण? मुखेडला आडावरून डोक्यावर पाणी आणलेली पोर. चुंबळीखालचे केस गेले होते माझे, दहाव्या वर्षी. शाळेतून आल्यावर आधी घागर, मग भाकर. आईची कंबर त्या पाण्यानंच गेली. पाण्याशिवाय बाईच्या दिवसाचं काय होतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच तर मला सुचलं! ज्याला ठाऊक नसतं त्याला हे सुचलंच नसतं.

दहा-बारा दिवसांनी कमलताईंचा फोन आला. बाई, नळाला धारच न्हाई. मी लगबगीनं गेले. वाकून नळाकडं पाहिलं, मान हलवली. लाइन जुनी आहे, गंजून चोक झाली असणार, रस्ता खोदावा लागेल, अर्ज देते, असं सगळं म्हटलं. लातुरात नळाला पाणी नाही म्हटलं तर कारण कोणी विचारत नाही. मग मी त्यांच्याच ओट्यावर बसून अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेचे फलक मीच लिहिते. 'मा. महोदय' पासून 'आपली विश्वासू' पर्यंत त्यांना वाचून दाखवला. तो अर्ज मी कधीच दिला नाही. कितीतरी दिवस तो माझ्या पर्समध्ये होता, मग एकदा भाजीवाल्याच्या पिशवीबरोबर गेला असेल कुठं.

अजून आहे. दर दोन-तीन दिवसांनी मी स्कूटीवर पाण्याचे दोन जार घेऊन जायचे. हो, मी. वीस वीस लिटरचे. पुढं पायात एक, मागं दोरीनं बांधून एक. कशासाठी? संशय येऊ नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. पण खरं तर मला ते आवडायला लागलं होतं. कमलताई दारात उभ्या राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ही बाई हाय म्हणून जगून राहिले मी. न्हाईतर आजकाल मालक कुणाचा?" आणि गल्ली माझ्याकडं बघायची. ऐकताना माझा चेहरा लाल व्हायचा. त्यांना वाटायचं, लाजतेय.

एकदा ह्यांनी विचारलं होतं की त्याच घराला पाणी का येत नाही, शेजारी तर येतं. मी म्हटलं, लाइन जुनी आहे. ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले आणि मग पेपर उघडला. पुन्हा विचारलं नाही.

असे पाच महिने गेले. पाच! रोज मी ठरवायचे, उद्या वॉल उघडते. रोज शाळा सुटल्यावर त्या रस्त्यानं जायचे, फाटकाजवळ गाडी हळू करायचे आणि पुढं निघून जायचे. जेवताना उठायचे, टीव्ही बघता बघता उठायचे. उठून कुठं जायचं ते मला ठाऊक नसायचं. गॅस बंद आहे का बघायचे, आमच्याच घरचे नळ घट्ट आहेत का बघायचे. तुम्ही म्हणाल, मन खात होतं. खात असेल. पण वॉल तसाच होता, आणि शेवटी तेवढंच खरं.

शेजारच्यांनी कमलताईंना आधी पाणी दिलं. मग कुरकुरत दिलं. इथं कोणी दूध देईल, पाणी देताना हात आखडतो, त्यात त्यांचा दोष नाही. मग त्या गल्लीच्या टोकाच्या हापशावरून आणू लागल्या. साठीच्या बाई त्या. पाण्याच्या मागं दिवस जायचा, ब्लाउज वेळेवर होईनात, गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ लागलं. दाराशी बसणाऱ्या चार बायांच्या दोन झाल्या. हे मी पाहत होते, आणि मनात म्हणत होते, आता फार दिवस नाहीत.

मग एका सकाळी त्या हापशाच्या चिखलात घागरीसकट पडल्या. उजवं मनगट. शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट. मी दवाखान्यात गेले, सफरचंदं घेऊन. प्लास्टर बघितलं. जळकोटहून मुलगी आली होती, ती माझ्या पाया पडली – माझ्या – आणि म्हणाली की तुम्ही होतात म्हणून. मी तिला उठवलं. तिथून निघाले ती सरळ त्या घरी गेले. फरशीपाशी उभी राहिले. घरात कोणी नव्हतं, पकड डिकीत होती. वॉल उघडायला किती वेळ लागला असता? आणि मी तो उघडला नाही.

बास. हे ते होतं. हेच मी गाळत आले. वॉल फिरवला ते तरी एका दुपारचं पाप होतं. मनगट मोडल्यावरही उघडला नाही, ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला शब्द सापडलेला नाही, आणि मी मराठी शिकवते.

पंधरा दिवसांत मुलीनं टेम्पो आणला. कमलताईंनी एका हातानं घर झाडून, सारवल्यासारखं लख्ख करून दिलं. किल्ली देताना लेकीकडून माझी खणानारळानं ओटी भरवली. पावत्यांची ती तारही दिली – आता मला काय करायची, म्हणाल्या. टेम्पो वळला, मी फाटक लावलं आणि संध्याकाळी पाणी सुटायच्या आत वॉल पूर्ण उघडला. नळाला अशी धार आली की मोरी भरून अंगणात पाणी गेलं. मी ते बघत उभी राहिले. बंद करायचंही सुचलं नाही.

पुढचं तुम्ही ऐकलेलंच आहे. तीन मजले, मुलींसाठी खोल्या, खाली बोअर, वर मोठ्या टाक्या. फाटकावर पाटी लावली – 'चोवीस तास पाणी'. त्या पाटीमुळंच माझ्या खोल्या कधी रिकाम्या राहत नाहीत, असं मी भिशीत सांगते. त्याच्यावर चौथी इमारत झाली. लोक शिकायला येतात माझ्याकडं.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं कदाचित. जुनं पाप माणूस पचवतो. पण दोन वर्षांमागं जळकोटहून फोन आला. कमलताईच. नातीला दहावीला चांगले मार्क पडलेत, लातूरला ठेवायचीय, मी येईन सोबत स्वयंपाकाला. खोली दुसऱ्या कुणाकडं बघायची न्हाई, तुमच्याकडंच. पाण्याचे हाल मी एकदा काढलेत, पोरीला नको. मी काय म्हणणार? दिली. पहिल्या मजल्यावरची. जिथं त्यांची मशीन असायची, तिथं आता पार्किंग आहे.

दोन वर्षं त्या माझ्या भाडेकरू होत्या. पुन्हा. उजवा हात वाकडाच बसला होता, पोळी डाव्या हातानं लाटायच्या. मी भाडं गोळा करायला जाते तेव्हा वरच्या दोन्ही मजल्यांवर थांबते, गप्पा मारते. पहिल्या मजल्यावर मी चपला न काढता उभी राहायचे. त्या नळ सोडून दाखवायच्या, "बघा बाई, कसं धो धो." मला घाई असायची. मला कायम घाई असते. कितीदा तोंडापर्यंत आलं होतं. जिन्यावरून पुन्हा वर गेले, दारापर्यंत गेले, आणि विचारलं काय, तर पंखा नीट चालतोय ना.

ह्या उन्हाळ्यात नातीची परीक्षा झाली. सामान बांधायचं चाललं होतं. कमलताई खाली आल्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि मला बसा म्हणाल्या. मी उभीच राहिले. त्यांनी माझ्याकडं न बघता, पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगितलं.

"बाई, जिन्याखालची ती बारकी खोली हाय न्हवं, ती मला द्या. मी एकटीच राहीन. हात थोडा चालतोय आता, फॉल-पिको तर होतंय. गल्लीत अजून ओळखीच्या हायत चार-दोन. भाडं पोरींएवढंच देईन. जावई चांगलाय, काय बोलत न्हाई. पण बाई, बारा वर्षं झाली, मी त्या घरात भाकरी वाढून घेताना एकदा इकडं तिकडं बघतेच. मरायच्या आधी मला माझ्या दाराला आतून कडी लावायचीय."

तुम्ही काय म्हणाला असता? मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असता.

मी म्हटलं, "सगळ्या खोल्या बुक झाल्या हो कमलताई. कंधारच्या मुली येणारेत."

जिन्याखालची खोली कोणी मागितली नव्हती. तिथं खिडकी नाही, मुली घेत नाहीत. पण एकटी म्हातारी एकदा आत आली की पुन्हा निघायची नाही, हे माझ्या धंद्याच्या डोक्यात आधी आलं. आणि रोज फाटक उघडलं की त्या दिसतील, हे मागून. दोन्ही कारणं माझीच आहेत. वॉल, लाइन, रस्ता – ह्या वेळी मधे काहीच नव्हतं. नुसतं तोंडानं झालं.

त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. मग पायरीला हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही तरी कुठं कुठं पुराल?"

जाताना त्यांनी खोली घासून पुसून दिली. ह्या वेळीही.

आता जुलै संपत आला. कंधारच्या मुली वरच्या मजल्यावर राहतात. जिन्याखालची खोली रिकामी आहे. जळकोटचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि मी तो लावलेला नाही.